सापडले तसे नोंदवले

आमच्या धंद्यात नियम एकच. कागदावर जे दिसतं तेच टाकायचं. लिहिणाऱ्याने नाव चुकवलं असेल तर चुकलेलं नाव टाकायचं, बेरीज चुकवली असेल तर चुकलेली बेरीज टाकायची. सुधारणा करायला आपल्याला कुणी बोलावलेलं नसतं. एकोणीस वर्षं मी हे नवीन पोरापोरींच्या कानीकपाळी ओरडत आले आहे. आणि हा नियम मोडला तो मीच.

आमचं ऑफिस पलासियाला, एका कोचिंग क्लासच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. जुने कागद स्कॅन करायचे आणि त्यातला मजकूर कॉम्प्युटरवर चढवायचा, हे काम. आम्ही माणसं पाच. मी गिरिजा, सुपरवायझर. विष्णू स्कॅनिंगवर बसतो. अर्पित तयार फाइली क्लायंटकडे पाठवतो. सोनल आणि ज्ञानदीप मजकूर चढवतात. एकच पान दोघं वेगवेगळं चढवतात, एकमेकांच्या स्क्रीनकडे न बघता. दोघांत फरक पडला की मशीन तो आकडा लाल करतं, मग मी मूळ कागद बघून निकाल देते. मालक यशवर्धन दिवसातून एकदा येतात, एसी कमी करतात आणि जातात.

ज्ञानदीप माझा सख्खा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बाबा महूला फौजेच्या स्टोअरमध्ये होते. ते गेले तेव्हा मी बावीसची होते आणि हा तेरा वर्षांचा. त्याची फी, त्याचा टायफॉइड, त्याची तीनदा नापास झालेली बी.कॉम., सगळं मी निस्तरलं. लग्न माझंही राहून गेलं आणि त्याचंही, त्याबद्दल नातेवाईक बोलतातच, मी कशाला बोलू. राऊला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आई, मी आणि तो. आई चपात्या मोजून करते. तिच्या दोन, माझ्या दोन, ज्ञानदीपच्या चार. आठच्या वर नववी कधी केली नाही आणि आठच्या खाली कधी आली नाही.

मार्चमध्ये ती ट्रंक आली. तुकोगंजच्या एका जुन्या बंगल्यात ती सत्तरेक वर्षं पडून होती. परदेशातल्या एका मिशनचं एके काळी चीनमध्येही काम होतं आणि इकडेही. तिकडचं बंद झालं तेव्हा काही पादरी सामानसुमानासकट इकडे आले, त्यांतल्या कुणाची तरी ही ट्रंक. आता त्या मिशनच्या लोकांना आपले जुने आकडे हवे होते. चीनमधल्या होनान प्रांतात लिउचेन नावाचं एक ठाणं होतं, तिथे कोणत्या साली किती लोक ख्रिस्ती झाले, त्याची रजिस्टरं.

रेव्हरंड मॅकफी नावाच्या पादऱ्याने ती लिहिली होती. अक्षर बारीक, सरळ, कुठे खाडाखोड नाही. दर वर्षाला एक तक्ता. गेल्या वर्षीचे एकूण, नवीन बाप्तिस्मा, गाव सोडून गेलेले, काढून टाकलेले, मेलेले, आणि खाली यंदाचे एकूण. पाठीमागच्या पानावर नावांची यादी. शेवटी एक शेऱ्याचा रकाना होता, पण तो करारात नव्हता. शेरे चढवायचे नाहीत, फक्त आकडे आणि नावं, असं क्लायंटने स्पष्ट लिहिलं होतं. करारात नाही ते आम्ही वाचत नाही. वाचत बसलो तर पानं कधी संपणार?

"ताई, हे पादरी पण ना, एकदम टारगेटवाले सेल्समन दिसतात," ज्ञानदीप म्हणाला. "ह्या साली नऊ नवीन, त्या साली बारा. वरून प्रेशर असणार बिचाऱ्याला."

"तू पानं उरक," मी म्हटलं.

पण मलाही गंमत वाटत होती. आमच्याकडे हा विषय घरचाच. छप्पन साली आजोबा महूहून नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. तिथे किती लोक होते हो आजोबा, असं आम्ही विचारायचो. कुणी तीन लाख म्हणतं, कुणी पाच. आजोबा म्हणायचे, मोजणारे मोजत बसले, आम्ही तिथे होतो. एवढंच सांगायचे आणि बिडी पेटवायचे.

पहिल्याच आठवड्यात लाल आकडे यायला लागले. एकोणीसशे चार सालच्या तक्त्यात सोनलने एकूण पंधरा टाकले होते आणि ज्ञानदीपने चौदा. मी मूळ पान काढलं. कागदावर स्वच्छ पंधरा होते. ज्ञानदीपने डोकं चालवून पाठीमागची नावं मोजली होती, ती चौदा भरली. मी त्याला झापलं. मग पाच साल बघितलं. नावं तेवीस, एकूण चोवीस. सहा साल, नावं एकतीस, एकूण बत्तीस. चौदा सालापर्यंत अकराही वर्षं तसंच, दर वर्षी एकच जास्त.

"स्वतःला मोजत असेल तो," सोनल म्हणाली.

"पादरी आणि त्याची बायको वेगळ्या रकान्यात आहेत," मी म्हटलं. तो रकानाही होता. घरात माणसं, दोन. स्वतः आणि पत्नी ॲनी.

ट्रंकेत रजिस्टरांखाली एक पत्र्याचा डबा सापडला. आत शिशाचे बिल्ले होते, रुपयापेक्षा थोडे मोठे, एका बाजूला चिनी अक्षर, दुसरी बाजू गुळगुळीत. सोबत एका कागदावर रीत लिहिली होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या, आदल्या दिवशी यादीतल्या प्रत्येकाला एक बिल्ला द्यायचा. दुसऱ्या दिवशी मेजावर बसताना त्याने तो परत करायचा. मग परत आलेले बिल्ले मोजायचे, म्हणजे डोकी मोजावी लागत नाहीत. मला पद्धत आवडली. बाबांच्या स्टोअरमध्ये अवजारं द्यायचे तेव्हा असेच बिल्ले लावायचे.

बिल्ले हातात घेतले की गार लागायचे. एप्रिल सुरू होता, पंखे गरम हवा फेकत होते, तरी ते गार असायचे.

त्या दिवशी अकराच्या चहाला ज्ञानदीपला लहर आली. "चलो भिया, सबको टोकन!" म्हणत त्याने डब्यातून पाच बिल्ले मोजून काढले, सगळ्यांदेखत. डबा बंद करून कपाटावर ठेवला. प्रत्येकाच्या टेबलावर एक बिल्ला ठेवला, स्वतःच्याही. चहा झाल्यावर पादऱ्यासारखा हात जोडून तो फिरला आणि सगळ्यांचे बिल्ले गोळा केले. माझ्या टेबलाशी येऊन त्याने मूठ उघडली. सहा होते.

"किसने मस्ती की?" अर्पितने विचारलं.

कुणीच केली नव्हती. डबा कपाटावर होता तसाच होता. ज्ञानदीप हसत होता, पण हात पुढे धरूनच उभा राहिला, ते घेऊन काय करावं हे न कळल्यासारखा. मी ते सहाही डब्यात टाकले आणि झाकण दाबून बसवलं.

चारच्या चहाला शाम आला. खालच्या टपरीवाला, सहा वर्षं आम्हाला चहा देतो. त्याच्या जाळीत सहा ग्लास होते.

"पाच ना रे?" मी म्हटलं.

शामने मान वर करून खोलीभर नजर फिरवली. "छह ही तो हो, मैडम."

सहावा ग्लास त्याने खिडकीपाशी, ट्रंक ठेवलेल्या मोकळ्या टेबलावर ठेवला. पंधरा मिनिटांनी तो ग्लास न्यायला आला तेव्हा सहाही रिकामे होते. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याने प्यायला.

त्यानंतर रोज सहा यायला लागले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरात ते आजोबांनीच बंद केलं. म्हणून मी एकदा सरळ उभी राहिले आणि डोकी मोजली. सहा भरली. मग नावं घेऊन मोजलं. सोनल, अर्पित, विष्णू, ज्ञानदीप, मी. पाच. परत डोकी मोजली, परत सहा. अनोळखी तोंड एकही नव्हतं. प्रत्येकाकडे बघितलं की तो ओळखीचाच निघायचा, आणि पुढच्याकडे गेलं की मागचा कोण होता ते हातात राहायचं नाही. मी पाणी प्यायले आणि कामाला लागले. सगळ्यांचं हेच चाललं होतं. सोनल खिडकीकडे पाठ करून बसायला लागली. विष्णू जेवणाच्या सुट्टीत एकदा हळूच म्हणाला, "दीदी, ये पेटी को जल्दी वापस कर दो."

पेटी परत करायला काम संपायला हवं होतं, आणि काम अडलं. क्लायंटकडे तपासणीचा प्रोग्राम होता. यादीतली नावं आणि एकूण आकडा जुळला नाही की तो अख्खी फाइल परत पाठवायचा. आम्ही तीनदा पाठवली, तीनदा परत आली. मूळ कागदावरच असं आहे म्हणून मी मेल लिहिली. तिकडून छापील उत्तर यायचं, कृपया फरक दुरुस्त करून पाठवा.

"गिरिजाजी, मैं क्लायंट को क्या बोलूँ?" यशवर्धन म्हणाले. "एक का ही तो फर्क है. ठीक कर दो ना."

"कागदावर जसं आहे तसंच टाकायचं, सर."

"सौ साल पुराने चीनी हैं. कौन आके पूछेगा?"

शुक्रवार होता. मला ती पेटी जायला हवी होती, आणि सहावा ग्लास यायचा थांबायला हवा होता. खरं कारण हेच, बाकी सगळे बहाणे. मी खुर्चीत बसले आणि अकरा तक्त्यांत अकरा ठिकाणी एक कमी केला. पंधराचे चौदा, चोवीसचे तेवीस, बत्तीसचे एकतीस. चार मिनिटं लागली. अर्पितने फाइल पाठवली. ह्या वेळी ती परत आली नाही.

सोमवारी अकराला शाम आला. जाळीत पाच ग्लास होते.

सोनलने माझ्याकडे बघितलं आणि हसली, कितीतरी दिवसांनी. मला इतकं हलकं वाटलं की सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवाव्यात असं मनात आलं. शामने सोनलला ग्लास दिला, अर्पितला दिला, विष्णूला दिला, मला दिला. मग ज्ञानदीपच्या टेबलावरून तो पुढे गेला आणि पाचवा ग्लास खिडकीपाशी, ट्रंकेच्या टेबलावर ठेवला.

"ओ शाम भिया, हमसे नाराज हो क्या?" ज्ञानदीप म्हणाला.

शाम दचकला. "अरे! सॉरी सॉरी, अभी लाया." तो धावत खाली गेला. पण चहा काही आला नाही, आणि चारला पुन्हा पाचच ग्लास घेऊन आला.

ज्ञानदीपने माझ्या ग्लासातला अर्धा घेतला. त्याने ते हसण्यावारी नेलं. मंगळवारी दारावरच्या हजेरीच्या मशीनने त्याचं बोट घेतलं नाही. बुधवारी सोनलच्या स्क्रीनवर, तेच पान चढवणाऱ्या जोडीदाराच्या जागी, मला ज्ञानदीपऐवजी दुसरंच काही नाव दिसलं, म्हणजे नाव दिसलं, वाचलं, ओळखीचं वाटलं, आणि मान वळवल्यावर काय वाचलं ते सांगता येईना. गुरुवारी ज्ञानदीपने अर्पितला काहीतरी विचारलं. अर्पित तीन फुटांवर होता. त्याने मान वर केली नाही. ज्ञानदीपने परत विचारलं, मोठ्याने. अर्पितने कान खाजवला.

ज्ञानदीप माझ्याकडे वळला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"ताई, तुला ऐकू येतंय ना?"

"येतंय रे."

"मग ठीक."

घरी तसं नसेल, असं मी धरून चालले होते. आईचा तो जीव की प्राण. माझ्या आधी त्याला वाढणारी बाई. रविवारी दुपारी आईने ताटं घेतली. तीन. एक स्वतःचं, एक माझं, आणि तिसरं खिडकीखालच्या पलंगाशी ठेवलं, जिथे आमच्या घरात कधी कुणी जेवायला बसलेलं नाही. त्यात तिने चार चपात्या वाढल्या.

ज्ञानदीप आपल्या नेहमीच्या जागी, दाराशी, मांडी घालून बसला होता. पुढ्यात ताट नव्हतं.

"आई, ज्ञानदीपचं ताट?" मी विचारलं.

"तिघांची तीन वाढली की गं."

"तिसरं कुणाचं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भर दुपारी सूर्य कुठे आहे ते विचारलं. "खा तू. भाजी निवतेय."

"आई," ज्ञानदीप म्हणाला. "आई, मी इथे आहे."

आईने पदराने कपाळ पुसलं आणि चपातीचा तुकडा मोडला. त्याने तिच्या गुडघ्याला हात लावला, तर तिने माशी बसावी तसा गुडघा हलवला. ते बघून मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. माझ्या दोन चपात्यांतली एक मी त्याला दिली. त्याने ती कोरडीच खाल्ली, मान खाली घालून.

जेवणं झाल्यावर मी ताटं उचलली. तिन्ही पुसून खाल्लेली होती. मी पलंगाच्या समोरच बसले होते आणि सगळा वेळ तिकडेच बघत होते. तरी ते कुणी खाल्लं, हे मला सांगता येणार नाही.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले आणि रजिस्टरं उघडली. जो रकाना करारात नव्हता तो वाचायला बसले. शेरे इतके बारीक होते की भिंग घ्यावं लागलं.

एकोणीसशे चार. बिल्ले दिले चौदा, परत आले पंधरा. सापडले तसे नोंदवले.

पाच. दिले तेवीस, परत आले चोवीस. सापडले तसे नोंदवले.

दर वर्षी तेच. हा माणूस आमच्याच धंद्यात शोभला असता, असं मला वाटलं. न कळलेल्या गोष्टीला त्याने हात लावला नव्हता. अकरा वर्षं त्याने ती तशीच मांडून ठेवली होती आणि अकरा वर्षं काही बिघडलं नव्हतं.

शेवटच्या रजिस्टरात, तक्ता वरिष्ठांकडे पाठवून झाल्यावर, त्याने पानाच्या कडेला तारखा घालून लिहिलं होतं.

"मंडळाचे पत्र आले. यादी आणि बेरीज जुळत नाही म्हणून विचारणा आहे. जादा असलेला एक सर्व वर्षांतून काढून टाकून तक्ते पुन्हा पाठवले. आता जुळते. देवाचे आभार."

आठ दिवसांनी: "प्रभुभोजन. दिले चौऱ्याण्णव, परत आले चौऱ्याण्णव. ॲनीला मेजावर जागा झाली नाही."

पुढे: "ॲनीने मला पुन्हा मोजायला सांगितले. मोजले. बरोबर आहे."

पुढे: "ॲनीने पुन्हा मोजायला सांगितले. बरोबर आहे."

असं सात वेळा होतं. अक्षर शेवटपर्यंत तसंच, बारीक आणि सरळ. सातव्यांदा तिचं नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, "पुन्हा मोजायला सांगितले." कुणी, ते नाही. त्यानंतर पंधरा सालचा तक्ता स्वच्छ होता. घरात माणसं, दोन. शेऱ्यात एकच ओळ होती, "पूर्वीप्रमाणेच."

ज्ञानदीप मागे उभा राहून वाचत होता. तो कधी आला ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही ह्याचीच मला भीती वाटली.

"परत एक वाढव ना, ताई," तो म्हणाला. "सोप्पं आहे. जसं होतं तसं टाक."

मी टाकलं. आमच्या प्रतीत अकराच्या अकरा आकडे पुन्हा होते तसे केले. क्लायंटला लिहिलं की पाठवलेली फाइल चुकीची आहे, ही घ्या. उत्तर दोन तासांत आलं. फाइल मंजूर होऊन बंद झाली आहे, आता तीत बदल होत नाही. आकडे शंभर टक्के जुळल्याबद्दल आमच्या टीमचं अभिनंदनही केलं होतं. मी यशवर्धनना फोन केला, विनवण्या केल्या, आवाज चढवला.

"गिरिजाजी, आपकी तबीयत ठीक है?" ते म्हणाले. "कौन ज्ञानदीप?"

मी डबा उघडून सगळे बिल्ले टेबलावर ओतले. शामला वर बोलावलं. "इथे किती माणसं आहेत, नीट बघून सांग," म्हटलं. त्याने बघितलं. "पाँच, मैडम." मी म्हटलं, नावं घे. त्याने नावं घेतली, बोटावर, पाच. पाचही ऐकून मला वाटलं, हो, बरोबर, हेच की. त्यांत ज्ञानदीप नव्हता. ज्ञानदीप शामच्या अगदी पुढ्यात उभा होता.

पेटी तुकोगंजला परत गेली. विष्णू स्वतः ठेवून आला. खिडकीपाशी मात्र अजून ग्लास जातो.

महिना झाला. मी ज्ञानदीपला दिवसातून दहादा हाक मारते, आई ऐकत असली तरी. आई मला डॉक्टरकडे न्यायचं म्हणते. माझ्या चपात्या दोनच असतात, त्यांतली एक त्याची. चार जास्तीच्या कर म्हटलं तर ती करते, पण ताटं घेईपर्यंत आठच उरतात, आणि त्यांतल्या चार पलंगाकडे जातात. तो पूर्वी दिवसभर बडबडायचा. आता विचारलं तरच बोलतो. परवा मी त्याला विचारलं, काय होतं रे तुला? म्हणाला, "काही होत नाही, ताई. मी आहे ना इथेच. फक्त माझी पाळी आली की पुढच्याची येते."

काल सकाळी नऊला जनगणनेच्या कामावरच्या एक शिक्षिका आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल आणि पेन, उन्हाने लाल झालेल्या. आईने पाणी दिलं आणि लगेच बजावलं, "धरम के आगे बौद्ध ही लिखना, मैं देखूँगी."

"वो सवाल अभी नहीं है, आंटी, अगले राउंड में," त्या म्हणाल्या. "अभी बस इतना बताओ, घर में कितने लोग रहते हैं?"

"तीन," आई म्हणाली.

"चार," मी म्हटलं.

हे मी ठरवूनच ठेवलं होतं. कुठे का होईना, एका तरी कागदावर तो यावा. पलंगावर जे आहे ते असू दे, राहू दे, खाऊ दे. ते काढायला गेले हीच माझी चूक होती. फक्त ज्ञानदीपही असू दे.

बाई गोंधळल्या. आई त्यांना खुणेने सांगत होती की हिचं मनावर घेऊ नका. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सब यहीं हैं क्या? मैं खुद गिन लेती हूँ."

ज्ञानदीप माझ्या शेजारी उभा होता. त्याने शर्टाची वरची गुंडी लावली. केसांवरून हात फिरवला.

बाईंनी पेन उचललं. आईकडे केलं, एक. माझ्याकडे केलं, दोन. मग पेन ज्ञानदीपच्या छातीवरून, कुठेही न थांबता, खिडकीखालच्या पलंगाकडे गेलं.

"तीन."

"ताई," ज्ञानदीप म्हणाला. "परत मोजायला सांग ना."

मी सांगितलं. बाईंनी परत मोजलं. आई, मी, पलंग.

"तीन ही हैं, दीदी. बरोबर है." त्यांनी मोबाइलवर बोट दाबलं आणि चपला घालून शेजारच्या घराकडे गेल्या.

मी ज्ञानदीपचा हात धरला. गार होता. म्हटलं, त्यांचं सोड, आपण मोजू. तू मोज. तुझं तू मोज, मी ऐकते.

त्याने अंगठा उघडला. "आई." पहिलं बोट उघडलं. "ताई." मधलं बोट उघडलं, आणि मान वळवून पलंगाकडे बघितलं, बराच वेळ.

"तीन," तो म्हणाला. "बरोबर आहे की गं."